एक चष्मा कमी

सांगली,
२२ नोव्हेंबर १९९७

प्रिय निमिष,

स. न. तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं, अजून तसंच उजवीकडे कललेलं, सदा घाईत असल्यासारखं. 'कशी आहेस' असं विचारलंयस. बरी आहे. थंडी यंदा उशिरा आली. इस्लामपूरकडे कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, पण आमच्या उसाला अजून तोड मिळाली नाही, त्यामुळे आबा दिवसभर कुणावर तरी खेकसत असतात. माझा धाकटा भाऊ शंभूराज जम्मूला आहे, त्याला मुलगी झाली. आई बारशासाठी झबली शिवत बसलीय.

पत्र तू फार समजुतीनं लिहिलंयस. दोघांनी मिळून विद्यापीठाला निवेदन द्यायचं, की त्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेत झालं ते आधी ठरवून केलेलं प्रात्यक्षिक होतं. निष्काळजीपणा किती महागात पडतो ते मुलांना कळावं म्हणून आपण दोघांनी नाटक केलं. म्हणजे साताऱ्याच्या नव्या लेसर केंद्राचं संचालकपद तुझ्याकडे राहील आणि माझी नोकरीही वाचेल. मसुदाही जोडलायस, माझ्या सहीपुरती जागा सोडून. मसुदा चांगला आहे. लिहिण्यात तू पहिल्यापासून हुशार.

उत्तर देते. आधी त्या दिवशीचं मला आठवतं तसं लिहिते, कारण तुझ्या पत्रात ते बरंच मऊ झालंय.

अनुदान समितीबरोबर तू आलास. "अरे वा, संयोगिता! किती वर्षांनी!" म्हणालास आणि लगेच नजर दुसरीकडे वळवलीस. माझा उजवा डोळा बाहेरून नीटच दिसतो, घाबरायचं कारण नव्हतं. मग टेबलावरचा लेसर पाहून तू हसलास. "हा तर आपला जुना!" हो, तोच. आपण शिकलो त्या विभागानं मोडीत काढला तेव्हा मी तो टेम्पोत घालून सांगलीला आणला आणि हळूहळू चालता केला. आता माझी मुलं काचेवर झिंक ऑक्साइडचे पातळ थर चढवतात आणि किती तीव्र प्रकाशापर्यंत ते टिकतात हे याच लेसरवर तपासतात.

चष्मे वाटताना एक कमी पडला. तू मोठेपणानं म्हणालास, "मला नको, मी यातच वाढलोय."

आणि मग, कुणी विचारलं नसताना, माझ्या मुलांना तू गोष्ट सांगितलीस. "आमच्या बरोबर एक मुलगी होती. नाव घेत नाही. चष्मा काढून वाकली बघायला. मी ओरडलो, काढू नकोस. ऐकलं नाही. डोळा गेला." पुण्याहून आलेले समितीचे वयस्क अध्यक्ष चुकचुकले. मयूरी म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे, तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा डोळा कशानं गेला हे मुलांना माहीत नव्हतं, पण गेला आहे हे माहीत होतं. मी तिथे उभी असताना तू हे सांगत होतास, निमिष. मी काही बोलणार नाही याची तुला इतकी खात्री होती.

तेव्हा मी म्हणाले, "सर, नमुन्याची काच जरा तिरकी झालीय. सरळ करून देता? बिनधास्त वाका, बंद आहे."

तू वाकलास. मी किल्ली फिरवली.

लेसर भरतानाचा तो घूं असा आवाज तू लगेच ओळखलास. मान वर करायला लागलास तेव्हा मी म्हणाले, "हलू नका. काच तिरकी आहे. उजेड कुठे उडेल सांगता येत नाही, आणि हा उजेड दिसतही नाही." तू तसाच राहिलास, टेबलाला दोन्ही हातांनी धरून. कानामागून घाम निघालेला मला दिसला.

"चष्मा कुणाच्या डोळ्यांवर होता, निमिष?"

"संयोगिता, हे काय चाललंय?"

"त्या दिवशी. विभागात एकच चष्मा होता. कुणी घातला होता?"

"मी!" तू ओरडलास. "मी घातला होता! तू वाकली होतीस, बटण मी दाबलं. बंद कर! बंद कर ते!"

मी बंद केलं. अध्यक्षांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तू लिहितोस की इतक्या जुन्या गोष्टीसाठी मी तुझ्या जिवाशी खेळले. जुनी गोष्ट काय होती ते एकदा वाचच. मी नमुना सरळ करायला वाकले होते. तू म्हणालास, "बिनधास्त वाक, बंद आहे." तुला साताऱ्याची गाडी पकडायची होती. मी बाजूला झाले असं समजून तू बटण दाबलंस. मला काही दिसलं नाही. डोळ्याच्या आत फक्त टच्‌ असा आवाज झाला आणि मधोमध काळा ठिपका बसला. अजून आहे. नुसत्या उजव्या डोळ्यानं पाहिलं तर समोरच्याचे केस दिसतात, कान दिसतात, चेहरा दिसत नाही.

ते बटण मी तुला केव्हाच माफ केलं होतं. घाई होते, चूक होते. मिरजेच्या दवाखान्यात तू रडलास तेव्हा मीच तुझी समजूत काढली. पण चौकशीत तू शांतपणे सांगितलंस की चष्मा मला दिला होता आणि मी तो काढला. आपल्या मार्गदर्शक सरांनी मान डोलावली. इस्लामपूरची शेतकऱ्याची पोरगी, तिला यंत्राचं काय कळतं, असं ते बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. प्रयोगशाळेत जायची बंदी झाली, पीएच.डी. तिथेच संपली. विट्याच्या, सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांचं स्थळ आलं होतं, ते मोडलं. आबा एवढंच म्हणाले, "शिकाया धाडली, तर डोळा घालवून आली. तुजीच चूक म्हनं. लिवून दिलंया त्यांनी." छापील कागदावर माझ्या बापाचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला. ते मी कुणाला माफ करू?

इथवर तुला ठाऊक होतं. आता जे ठाऊक नाही ते.

आमच्या संस्थेच्या संचालकांना मी सांगितलं की तुझी गोष्ट ऐकून माझा तोल सुटला. ते खोटं आहे. समितीच्या यादीत तुझं नाव मी गणपतीच्या सुट्टीआधीच वाचलं होतं. चष्मे पुरेसे होते, एक मी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. काच मीच तिरकी केली होती. मुलांना लांबच्या भिंतीशी उभं केलं ते त्याचसाठी. तू गोष्ट सांगितली नसतीस तरी मी तुला वाकवणारच होते.

आणि लेसर बंद आहे, नुसता घाबरवायला आवाज केला, असंही मी त्यांना सांगितलं. तो पूर्ण भरलेला होता. माझा अंगठा बटणावर होता. तू आणखी जरा वेळ गप्प राहिला असतास तर मी दाबलं असतं की नाही, हे मी रोज स्वतःला विचारते. दाबलं नसतं असं उत्तर अजून एकदाही आलेलं नाही. तू मला विचारलंयस की एवढं करून मला काय मिळालं. तुला असा घामानं भिजलेला, टेबलाला चिकटलेला पाहायला मिळालं. मला आता झोप चांगली लागते.

प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्यात. कारणे दाखवा नोटीस आलीय. अध्यक्षांनी विद्यापीठाला लिहिलं, जुनी चौकशी पुन्हा उघडलीय, आणि तुझी नेमणूक तोवर थांबवलीय, हे तुलाही कळलं असेलच. तुझा हिशेब बरोबर आहे: नाटक होतं असं दोघांनी लिहिलं तर दोघंही वाचतो. फक्त तू वाचू नयेस म्हणून मी माझी नोकरी सोडायला तयार होईन, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. सोमवारी मी संचालकांना खरं लेखी देणार आहे. कपाटाचं, काचेचं, अंगठ्याचं, सगळं. मला काढतील. घरी ऊस आहे, शिकवण्या आहेत, मी जगेन. पण मी माझं एवढं खरं लिहून दिल्यावर तुझ्या तोंडून निघालेली कबुली नाटक होती असं कुणी म्हणू शकणार नाही.

शेवटी तू लिहिलंयस की भार्गवीला यातलं काही माहीत नाही. 'बायकोसमोर तरी मला मान खाली घालायला लावू नकोस,' म्हणतोस. ती भली बाई आहे, तिचं मला वाईट वाटतं. म्हणून या पत्राची नक्कल करून तिच्या शाळेच्या पत्त्यावर आजच टाकली आहे. तुझा मसुदाही सोबत जोडलाय.

कळावे. लोभ नसावा.

संयोगिता