दिवाळीच्या आत न मेलेली झाडं

१२ जुलै
शाळेमागच्या कोपऱ्यात दीडशे रोपं लावली. मोह, ऐन, चारोळी, टेंभुर्णी, बेहडा. सारी इकडच्याच जंगलातली. हातभर अंतरानं, दाट. धानाच्या रोवण्याचं काम सोडून बाया मदतीले आल्या. आमच्या शाळेत खिचडी रांधणाऱ्या कमलाबाईचे यजमान परसरामभाऊ, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या समितीचे अध्यक्ष, त्यांनी स्वतः खड्डे खणले. एवढा उत्साह! मले तं भरूनच आलं.

९ सप्टें.
पावसाची दडी. कमलाबाई तांदूळ धुतलेलं पाणी झाडाईले घालते. बकरी शिरली तं उलथनं घेऊन धावते. झाडं गुडघ्याले लागली. परसरामभाऊ पाहून गेले. तोंड उतरलेलं. काहून, समजलं नाही.

४ नोव्हें.
आज समजलं. मंडईच्या नाटकाचं स्टेज दरसाल त्याच कोपऱ्यात असते. मी वरठी गावची, या शाळेत बदलून आली मार्चमध्ये. मले काय माहीत! मंग लावू काहून दिली, परसरामभाऊले विचारलं.
"मॅडम, दरसालच लावतो. फोटो निघते, दिवाळीच्या आत मरून जाते. यंदाही मरतीन वाटलं."
आधी हसू आलं, मंग अस्सा संताप! जगली, हाच गुन्हा.

८ नोव्हें.
समितीची बैठक. पोस्टर लागले, नाटक कंपनी वडश्याहून येणार. म्हणे, आता उपटा, पुढच्या साली लावून देऊ. मी म्हटलं, स्टेज समोरच्या बाजूले घ्या. तिकडे उतार आहे म्हणे, मागच्यांना दिसणार नाही. मुद्दा खरा आहे. नाटक मलेही आवडते, लहानपणी बोऱ्यावर बसून पहाटेपर्यंत पाह्यलेले. तरी नाही. एकही रोप नाही. कोणीतरी पुटपुटलं, मॅडमची बदली करू. करा म्हटलं. झाडाईची तं होत नाही.


१२ नोव्हें.
उद्या मंडई. सकाळी समितीवाल्यांनी झाडाईमधीच चुन्यानं खांबाच्या खुणा मारल्या. ते स्टेजचा ट्रक आणाले गेले, मी फाटकाले कुलूप ठोकलं. ट्रक बाहेर अडला. परसरामभाऊ भिंतीवरून उतरले, हातात लोखंडी सब्बल, खणायची. मी आडवी उभी राहिली. बाजूले व्हा म्हणे. नाही झाली.
तेवढ्यात कमलाबाई चूल सोडून आली आणि चुन्याच्या खुणेवर मांडी घालून बसली. नवऱ्याले म्हणाली, "पऱ्ह्यातली धानाची रोपं एकदाच उपटतेत. रोवल्यावर कोनी उपटत नाई. तुमाले मायनं शिकवलं नाई का?"
परसरामभाऊंनी सब्बल खाली ठेवली नाही, चालवलीही नाही. ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला. चाबी माह्या मुठीत. मी कमलाबाईच्या बाजूले बसून हे लिहून राहिली.
खिचडी करपल्याचा वास येऊन राहिला. ती उठत नाही. मी पण नाही.