सातशे बेचाळीस गज

॥ श्री ॥
अंटार्क्टिका, २० फेब्रुवारी १९८५

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

जहाज उद्या परत निघतंय, त्यातून हे पत्र. पुढचं जहाज डिसेंबरात. तोवर आम्ही मोजकी माणसं आणि बर्फ. फार एकटं वाटतं, लपवत नाही.

आमचं रडार बर्फात लहर सोडतं. ती तळाच्या खडकावर आपटून परत येते, त्यावरून खोली कळते. पुढेमागे असंच यंत्र मंगळावर न्यायचं साहेबांच्या मनात आहे, म्हणून ही चाचणी. बाबा, तुम्ही गांधीबागेत जन्मभर कापड मोजलंत, तुम्हाला मीटर पटायचे नाहीत. आकडा गजातच कळवीन. तार मात्र आईच्या नावाने. तुमच्या हाती पडली तर दुकानोदुकानी मिरवाल आणि तिला पत्ताही लागणार नाही.

माया आहेच, ती राहू द्यावी.
आपला शरच्चंद्र

॥ श्री ॥
नागपूर, १८ नोव्हेंबर १९८५

चि. शरच्चंद्रास अनेक आशीर्वाद.

बाळा, बसून वाच. तुझे बाबा एकोणीस मेला गेले. छातीत दुखलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. शुद्ध होती तोवर एकच म्हणत होते, पोराले काहून कळवता, तो तिथून थोडाच येऊन राहिला. म्हणून दर महिन्याच्या बिनतारी निरोपात 'सर्व ठीक' लिहिलं. रागाव माझ्यावर.

जूनमध्ये तुझी तार आली. तारवाल्याने दारातून विचारलं, सौ. गोपिकाबाई कोण म्हणून. शेजारच्या यमुताई खाली बघू लागल्या. मी मात्र मीच म्हणून सांगितलं आणि सही केली. खोली सातशे बेचाळीस गज, बाबांना सांग, असं तू लिहिलं होतंस. त्यांच्या कापड मोजायच्या लोखंडी गजासमोर बसून मोठ्याने सांगितलं. तेव्हा 'सांगितलं' हे माझं उत्तर काही खोटं नव्हतं.

पोळ्या अजून दोघांच्या होतात. आता पाकिटावर सौ. घालू नकोस, लोक नावं ठेवतील.

जिवाला जप.
तुझी आई

॥ श्री ॥
मुरगाव बंदर, गोवा, २२ मार्च १९८६

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र डिसेंबरात जहाजातून मिळालं. आधी रागावलो, मग रडलो. सात महिने मी मनात बाबांशी बोलत होतो, आणि ते नव्हतेच.

हवा निवळल्यावर त्याच जागी जाऊन पुन्हा मोजलं. तेवढेच गज भरले. बाबा गिऱ्हाइकाला दोन बोटं जास्त द्यायचे. बर्फाने काही दिलं नाही.

यंत्रं उतरवायला आठ दिवस लागतील, पत्र माझ्याआधी पोहोचेल. पाकिटावर मी सौ.च घातलंय. पोस्टमनने कोण म्हणून विचारलं, तर मीच म्हणून सांग.

तुझा शरच्चंद्र