निखिलच्या बाइकचं ऑइल

बॉथेल, नोव्हेंबर, शनिवार संध्याकाळ

आज निखिलच्या बाइकचं ऑइल मीच बदललं. नव्या जॉबसाठी तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्नडनला गेला, तेव्हापासून ती गराजमध्ये उभी आहे. लग्नानंतर तिच्यावरूनच आम्ही सगळीकडे फिरायचो.

मी म्हणत होते, स्प्रिंगमध्ये चालवायच्या आधी बदलू. तो फोनवर म्हणाला, "नाही गं, आत्ताच बदल. जुनं ऑइल हिवाळाभर आत राहिलं की इंजिन खराब होतं." इतक्या मायेने तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. तेही इंजिनबद्दल.

तो सांगत गेला तसं केलं. इंजिन जरा गरम केलं, खालचा बोल्ट काढला. जुनं ऑइल काळंकुट्ट निघालं. फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं, बॅटरी काढून ठेवली.

मग विचारलं, "स्प्रिंगला येशील ना?"

तो म्हणाला, "यार स्वाती, मला वाटतं, तू ती विकूनच टाक. सर्व्हिसिंग झालंय, लगेच जाईल."

म्हणजे हे सगळं घेणाऱ्यासाठी होतं? की त्याला तेव्हाच सुचलं? विचारलं नाही. "बरं" म्हटलं.

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. हात धुतले. नखांत काळं राहिलंय. मग जाऊन बाइकवर कव्हर घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं. विकायचीच आहे, तर कशाला?