गगनबावड्याच्या आदल्या दिवशी

अप्पा, तुमच्याबद्दल मला एक संशय होता. तुम्ही असताना तो बोलले नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी तो गेला नाही. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्याशी बोलणं झालं आणि त्यानंतर वाटलं, सगळं पहिल्यापासून लिहून काढावं. वर्गात मी मुलांना सांगते, जे म्हणायचं ते आधी सरळ म्हणा. तर सरळ म्हणायचं म्हणजे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला गाडीत बरोबर का न्यायचात, हे मला कळलेलं नाही.

गाडी म्हणजे मोडीत निघालेली ॲम्ब्युलन्स. तुम्ही ती लिलावात घेतली, बाहेरून निळी रंगवली, पण दाराच्या आतल्या बाजूचं लाल चिन्ह पुसट दिसतच राहिलं. पेशंटच्या बाकावर मी झोपायचे. समोरच्या बाकावर फळी ठोकून तुमचं कामाचं टेबल केलेलं, त्याखाली स्टोव्ह, दोन पातेली, पिठाचा डबा. मागचं दार उघडलं की दुकान, लावलं की घर. दिवाळी झाली की तुम्ही निघायचात आणि मिरगाच्या तोंडावर परत यायचात. कुंभी, कासारी, वारणा, नदीकाठच्या एकेका गावात आठ-पंधरा दिवस मुक्काम. लाईटचा दाब कमी झाला की शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटरी जळायच्या. जळलेली मोटर उघडायची, आतली करपलेली तार उपसून काढायची, नवी भरायची, हे तुमचं काम. अव्वा मला चार वर्षांची ठेवून गेली. शाळेचे दिवस मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आत्तीकडे काढायचे. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की तुम्ही न्यायला यायचात आणि आत्ती दरवर्षी दारात आडवी उभी राहायची.

“पोरीची जात, अन् गाडीत ऱ्हायची? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, माणूस लेकुरवाळा हाय,” तुम्ही म्हणायचात. “बरंच हाय की.”

हे वाक्य मी विसरले नाही. तेव्हा त्यात काही दिसलं नव्हतं. पुढे मोठेपणी ते मी अनेकदा उलटसुलट करून पाहिलं. लेकुरवाळा असणं बरं, की लोकांनी तसं म्हणणं बरं?

आठ-पंधरा दिवसांतून एकदा तुम्ही सकाळी स्टोव्ह लावण्याआधीच म्हणायचात, “चल, आज हवा खाऊन येऊ.” मग आपण घरासकट निघायचो. राधानगरीच्या धरणाची भिंत, पन्हाळ्याची तटबंदी, मसाईचं पठार, आंब्याचा घाट. माझ्या वर्गातल्या मुली सुट्टीत फार तर मामाच्या गावाला जायच्या. मी चालत्या घराच्या खिडकीतून डोंगर मागे पडताना बघत होते. एखाद्या वळणावर तुम्ही गाडी सावलीला लावता, मागचं दार उघडता, आणि कालपर्यंत जिथे नदीतली मोटर दिसत होती तिथे आता अख्खी दरी असते. आपण चपाती, दही आणि खर्डा खातो. तुम्ही शिळा पेपर वाचता, मी दगड गोळा करते. इतकं सुख मला पुढे फार वेळा मिळालं नाही, म्हणून त्याच्यावर नजर ठेवावीशी वाटली असेल.

नजर ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, सगळी माणसं दरीकडे तोंड करून बसतात, तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसायचात. चढावर मोटारसायकलचा आवाज आला की पेपर खाली यायचा. मोटारसायकल निघून गेली की परत वर जायचा. दुसरी गोष्ट, हवा खाऊन आपण कधीही त्याच गावात परत गेलो नाही. संध्याकाळी गाडी वेगळ्याच गावात, वेगळ्याच झाडाखाली उभी असायची. मी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, “तिथलं काम संपलं.” आता काम संपल्यावर माणूस निवांत असतो. निवांत माणूस रस्ता का राखत बसेल?

तिसरी गोष्ट मला हाताने कळली. तारेवर लाखेसारखा लेप असतो. दोन टोकं जोडायची तर तो आधी ब्लेडने खरवडून काढावा लागतो, आणि ते काम माझ्याकडे होतं, कारण माझी बोटं बारीक. खरवडल्यावर कधी आतून लाल तांबं निघायचं. त्या टोकांना तुम्ही कथलाचा डाग द्यायचात, गाडीभर त्याचा वास भरायचा. कधी टोकं पांढरी निघायची. त्यांना डाग धरत नाही. तुम्ही नुसता घट्ट पीळ द्यायचात, वरून कापडी पट्टी गुंडाळायचात, व्हार्निश ओतायचात. व्हार्निश वाळलं की लाल काय आणि पांढरं काय, सगळं एकच. ॲल्युमिनियम हा शब्द तुम्ही कधी उच्चारला नाहीत. तो मला शाळेच्या पुस्तकात सापडला. कुणी शेतकरी स्वतःहून स्वस्तातली तार मागत असेल, असंही असेल. मी तसं धरून चालत होते.

मी बारा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात आपली गाडी कुंभीकाठच्या एका गावात करंजाच्या झाडाखाली होती. ज्याची मोटर भरली होती तो शेतकरी सकाळी बैलगाडी घेऊन ती न्यायला आला. पन्नाशीचा असेल, डोक्याला टॉवेल, कमरेला विळा. आपण नुकतेच भाकरी खाऊन उठलो होतो. त्याने मोटरीला हात लावला नाही. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली.

“मिस्त्री, तार तांब्याचीच भरलीयासा न्हवं?”

“म्हंजे काय.”

“न्हाय, इचारलं आपलं. गेल्या साली एका पावण्यानं दुसरीच भरून दिल्ती. पंधरा दिवसात धूर. त्यो पावणा पुन्ना गावात दिसला न्हाय.”

तुम्ही हात पुसले. जरा जास्तच वेळ पुसले. मग म्हणालात, “माझी लेक बसलीया हितं. तिच्या म्होरं खोटं बोलीन व्हय मी? तिलाच इचारा.”

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या मिशीला तंबाखू लागलेली होती.

“काय गं बाळ, तार तांब्याची हाय?”

“व्हय,” मी म्हणाले.

“तू बघितलीस?”

“मीच टोकं खरवडली.”

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. “मग झालं,” तो म्हणाला. “लेकरू म्हणतंय म्हंजे झालं.” तुम्ही दोघांनी मिळून मोटर बैलगाडीत चढवली. तिकडे तुम्ही थोडं बोलत उभे होता, ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गगनबावडा. तिथे आपण तोवर गेलो नव्हतो. घाट जिथे सुरू होतो तिथे रस्ता एकदम संपल्यासारखा वाटतो आणि खाली कोकण पसरलेलं असतं, मे महिन्यात धुरकट, जणू कुणी त्याच्यावर पातळ धोतर वाळत घातलंय. एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. तुम्ही दोन द्रोण घेतलेत, दोन्ही मला दिलेत. त्या दिवशी तुम्ही रस्त्याकडे बघत नव्हता. दरीकडेही बघत नव्हता. मी करवंदांनी काळे झालेले ओठ दाखवायला आले तर तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, “खा, खा.” परतताना मी टपावर चढायचा हट्ट केला, तेही तुम्ही ऐकलंत. इतकं ऐकणारे तुम्ही नव्हता.

पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही आलाच नाहीत. आत्तीला निरोप पाठवलात की पोर मोठी झाली, तिला घरीच राहू दे. आत्ती खूश झाली. मी शाळेच्या पिशवीत दोन फ्रॉक भरून चार दिवस उंबऱ्यावर बसले. आणि तिथे बसल्या बसल्या तो संशय पूर्ण झाला. बारा वर्षांच्या मुलीवर लोक विश्वास ठेवतात. तेरा वर्षांच्या मुलीवर ठेवतीलच असं नाही. माझा उपयोग संपला होता. दुकानदार दर्शनी भागात तसबीर लावतो, तसं तुम्ही मला उघड्या दारात बसवलं होतं आणि चार ठिकाणी फिरवून आणणं हा त्या बसण्याचा मोबदला होता. पुढे सात वर्षं तुम्ही जिवंत होता. पावसाळ्यात घरी असायचात, माझी पुस्तकं चाळायचात, कॉलेजात काय शिकवतात ते विचारायचात. मी नीट उत्तरं द्यायचे. परक्या माणसाला देतात तशी. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा एकदा म्हणालात, “तुला गाडीची आठवण येती काय?” मी म्हणाले, नाही.

गेल्या महिन्यात मला निवडणुकीच्या कामावर पाठवलं. चिठ्ठीवर गावाचं नाव वाचलं आणि तेच गाव होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन आम्ही शाळेत पोचलो, बाकीचे जेवणाच्या व्यवस्थेला लागले, मी नदीकडे गेले. करंज आहे. त्याच्या खाली एक म्हातारा खाटेवर बसून मोटरीचा आवाज ऐकत होता.

“कोण गाव, बाई?”

“कोल्हापूर. निवडणुकीचं काम आहे.”

“मग बसा की. उद्या मत कुणाला टाकायचं तेवढं सांगा.”

“ते सांगितलं तर माझी नोकरी जाईल.”

“जाईना. मिरच्या तोडायला माणूस पायजेच हाय मला.”

मी बसले. म्हणाले, पूर्वी एक मिस्त्री ॲम्ब्युलन्समधून मोटरी भरायला यायचे, मी त्यांची मुलगी. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“व्हय म्हणालतीस ती तू?”

सतरा वर्षांनी तो मला त्या एका शब्दावरून ओळखत होता. मग त्याने सांगितलं. आपण गाडीत भाकरी खात होतो तेव्हा तो आधीच येऊन गेला होता. झाडाखाली पडलेला तारेचा तुकडा त्याने उचलला आणि विळ्याने खरवडला. पांढराफट्ट.

“मग विचारलंत कशाला?” मी म्हणाले.

“तुझ्या बाला सांगायला जागा दिली मी. कबूल झाला असता तर चा पाजून सोडला असता. तर त्यानं तुलाच म्होरं केलं. आता बापाच्या देखत लेकराला खोटं पाडायचं व्हय? ते काय मला जमलं न्हाय. नेली मोटर.”

“चालली?”

“कुठली चालती? मिरगापातूर बी न्हाय. दीड एकर मिरची वाळली. आमची म्हातारी वरीसभर माझ्या नावानं बोटं मोडत हुती.” तो हसला. मग हसायचा थांबला. “पर बैलगाडीजवळ मी त्याला म्हणलो हुतो. मिस्त्री, तार कसली भरायची ती भर, पर पोरीला म्होरं बसवू नगंस. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यानं.”

म्हणजे त्या एप्रिलमध्ये तुम्ही का आला नाहीत, ते मला कळलं. एका माणसाने एकदा सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. तार मात्र पुढेही कुठली भरत होता, हे मला माहीत नाही. पन्हाळा, आंबा, मसाई, हे माझ्यासाठी होतं की पळण्यासाठी, हेही मला माहीत नाही. तिथपर्यंत माझा संशय शाबूत आहे आणि तो तसा राहील.

म्हातारा जरा पुढे वाकला. “एक सांग आता. त्या दिशी बानंच तुला पढवून ठेवलं हुतं न्हवं?”

“हो,” मी म्हणाले.

“वाटलंच मला. लेकरू आपल्या मनानं असं बोलायचं न्हाय.”

अप्पा, तुम्ही मला काहीही पढवलं नव्हतं. तिलाच विचारा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुमची नजर माझ्याकडे वळली, आणि आज आठवून बघते तर ती घाबरलेली होती. मी काय उत्तर देईन हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पहाटे चहा पिताना तुम्ही एवढंच म्हणाला होता की, ही मोटर आज गेली तर उद्या गगनबावडा, आणि शेतकरी नाही म्हणाला तर परत उघडून भरावी लागेल, आणखी चार दिवस. मला चार दिवस थांबायचं नव्हतं. दुसरं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नातवाचा हात धरून मतदानाला आला. बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. त्याचं बोट माझ्या हातात होतं आणि मागे रांग होती, पण एक वाक्य बोलण्याइतका वेळ होता. “दिली मिरची तोडायची नोकरी,” तो म्हणाला. मी हसले, शाई लावली आणि पुढच्याला बोलावलं.

हे खरं तर त्याला लिहायला हवं. त्याला पत्र पोचेल, नातू वाचून दाखवेल. म्हणून तुम्हाला लिहिलं.