हाजीचा चंद्र

२७ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाताळ आनंदात गेला असेल. तुझा नव्हे, पेटीवाल्याचा. तो चर्चमध्ये पेटी वाजवत होता आणि तू त्याच्या जागी दवाखान्याच्या बॉयलरपुढे बसला होतास, हे तू बक्षीस मिळाल्यासारखं कळवलंस. ईदला हाजीच्या जागी तू, नाताळला पेटीवाल्याच्या जागी तू. सगळ्या धर्मांवर इतकी श्रद्धा असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. फक्त आपल्या सणाला तू घरी नसतोस. यंदा हाजीच्या मुलीचं लग्न आडवं आलं, त्याआधी पेटीवाल्याची कावीळ. पुढच्या वर्षी काय येणार आहे ते आधीच कळवलंस तर बरं, म्हणजे रुसायला वेळ काढून ठेवता येईल.

माझं शिवणकाम बरं चाललं आहे. डिसेंबरभर पांढरे झगे शिवले. आता पुढच्या सणाचे लोक येतील, मग त्याच्या पुढच्या. शिंपिणीला सगळे देव सारखेच. सगळ्यांचे भक्त सणाच्या तोंडावर कापड आणून टाकतात आणि कालच हवं होतं म्हणतात.

आता मुद्द्याचं. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू आहे. बाजूंचं दिसणं गेलं, समोरचं तेवढं उरलंय, आणि तेही किती दिवस ते सांगता येत नाही म्हणाले. औषधाने भागलं तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया. तीही आहे तेवढं राखण्यापुरती. आई बाहेर येऊन मला म्हणाली की पुढच्या वर्षीच्या सणाला तिला आपण दोघं समोरासमोर जेवताना बघायचं आहे. आवाज काय, नंतरही ऐकता येतील, तोंडं मात्र आत्ताच बघून घ्यायला हवीत. यावर तुझ्याजवळ काही सबब असेल तर ती तूच तिला सांग. मी निरोप्या नाही.

तुझ्या रागावर हक्क सांगणारी,
धाकटी


९ जानेवारी

चि. बायोस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोन का करत नाही म्हणून विचारू नकोस. बॉयलरने माझे कान नेले, काचबिंदू आईचे डोळे नेतो आहे, घरात शाबूत राहिली ती एकट्या तुझी जीभ. देव सगळंच काढून घेत नाही.

सबब नाही. या वर्षीच्या सणाला मी येणार. हाजीशी बोलणं झालं आहे. आमचं गणित तुला ठाऊक आहे, पण आईला नीट सांग. बॉयलर विझवता येत नाही. ऑपरेशनची अवजारं त्याच्या वाफेवर शिजतात, रुग्णांच्या चादरी त्याच वाफेवर धुतात. आम्ही तिघं, आठ-आठ तास. एक जण सणाला गेला तर उरलेले दोघं बारा-बारा तास काढतात. दोघं गेले तर तिसऱ्याला चोवीस तास पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नजर ठेवावी लागेल, आणि झोप लागलेल्या माणसाला बॉयलर दुसरी संधी देत नाही. म्हणून एका दिवशी एकच सण. हाजी म्हणतो, देवाने तीन धर्म केले ते आपला बॉयलर चालू राहावा म्हणूनच. (हाजी अजून हजला गेलेला नाही. पुढच्या वर्षी जाणार, असं वीस वर्षं सांगतो म्हणून हे नाव.)

नवे साहेब आले आहेत. त्यांनी सूचना लावली की सर्व धर्म समान असल्यामुळे यापुढे कोणत्याच धर्माच्या सणाला रजा मिळणार नाही. इतकी उदार समता मी पहिल्यांदाच पाहिली. आपसात बदली करायला मात्र परवानगी आहे, म्हणजे साहेब येण्याआधी जे चालत होतं तेच आता त्यांच्या सहीने चालेल.

आईच्या डोळ्यांसाठी रोज संध्याकाळी देवापुढे बसतो. तिला सांगू नकोस, नाहीतर औषध विसरेल.

आशीर्वाद आहेतच, लागतील तसे घेत जा.
दादा


३० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेच्या वेळी तार मिळताच आलास, दोन रात्री बाकावर काढल्यास, त्याबद्दल तुझे आभार मानायचे तर तू परका होशील, म्हणून मानत नाही. आईची पट्टी निघाली. काळा चष्मा लावून सिनेमातल्या खलनायकासारखी दारात बसते आणि मला ओळखून दाखवते. तोंड समोर धरलं तर दिसतं म्हणते. ते तोंड आनंदी ठेवायची जबाबदारी अर्थात माझी.

आता नवी भानगड ऐक. माझ्याकडे ईदचे कपडे शिवून घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या की या वर्षी त्यांची ईद आणि आपला सण एकमेकांना चिकटून आले आहेत. मी दिनदर्शिका काढली. ईद बुधवारी, आपला सण गुरुवारी. म्हणजे बुधवारी हाजीच्या जागी तू राबणार, रात्रीच्या बसमध्ये बसणार आणि गुरुवारी सकाळी घरी. इथवर छान. पण ईदच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलं आहे, चंद्रदर्शनानुसार एक दिवस पुढे. मंगळवारी चंद्र दिसला नाही तर ईद गुरुवारीच. आईला हे वाचून दाखवलं ही माझी चूक. तेव्हापासून ती दर तासाला विचारते की चंद्राचं काय ठरलं, जणू मी त्याच्या शेजारी राहते.

तेव्हा स्पष्ट लिही. ईद गुरुवारी आली तर तू कुठे असशील?

उत्तराकडे डोळे लावून, आणि आपल्या घरात डोळ्यांची आधीच टंचाई आहे,
धाकटी


६ ऑक्टोबर

चि. बायोस,
अ. उ. आ.

स्पष्ट विचारलंस, स्पष्ट लिहितो. ईद गुरुवारी आली तर मी बॉयलरपुढे असेन.

रागावण्याआधी एवढं वाच. तार आली तेव्हा रोज्यांचा महिना सुरू होता. हाजी आपले आठ तास भरून निघाला होता, पिशवी हातात. त्याने तार माझ्या हातातून घेतली, वाचली, पिशवी परत खुंटीला लावली आणि मला बसचे पैसे आहेत का एवढंच विचारलं. मी तिकडे दोन रात्री बाकावर बसलो, त्याचं तुम्हाला कौतुक. त्या दोन दिवसांत हा इकडे भट्टीच्या तोंडाशी बारा-बारा तास उभा होता, तोंडात पाण्याचा थेंब न घेता. साठीला आलेला माणूस. ज्या महिन्याच्या शेवटी ती ईद येते, तो महिना त्याने माझ्या आईसाठी असा काढला. आता त्याच्या ईदला मी त्याला भट्टीपुढे उभं करू आणि आपल्या देवापुढे हात जोडू? माझ्याकडून जोडले जायचे नाहीत.

हाजीला मी हे सांगितलं नव्हतं. पेटीवाल्याने सांगितलं, पोटात काही ठेवायची त्याला सवय नाही. हाजी भांडायला आला. आईचे डोळे थांबणार नाहीत, ईद दर वर्षी येते, तू जा म्हणाला. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढाच उपयोग.

चंद्र मंगळवारी दिसला तर काहीच प्रश्न नाही. नाही दिसला तर शुक्रवारी सकाळी पोचेन. सण झालेला असेल. आईला समजावून सांग. आणि तिला समजलं नाही, तर तिचं बरोबर आहे असं समज.

रागाला जागा ठेवून, मायेला थोडी जास्त ठेव.
दादा


दिवाणखाना, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी सकाळी येऊन शनिवारी गेलासही. पाहुणासुद्धा चहाला जास्त वेळ थांबतो. तुला काही गोष्टी सांगायच्या नाहीत अशी आईने मला शपथ घातली आहे. लिहायच्या नाहीत असं ती म्हणाली नव्हती.

मंगळवारी दुपारी ती आपल्या देवापुढे बसली आणि त्यांच्या चंद्रासाठी साकडं घातलं. आपल्या देवाला हे काम नवीन असणार. संध्याकाळी मला धरून जिना चढली आणि गच्चीवर उभी राहिली, काळा चष्मा काढून. आभाळ भरलेलं. जिला हातातला झारा दिसत नाही, ती बाई थोड्या वेळाने म्हणाली की दिसला. बोट पाण्याच्या टाकीकडे होतं. मी काही बोलायच्या आत तिने मला मशिदीत पिटाळलं, आमच्या आईने चंद्र पाहिला म्हणून साक्ष द्यायला. तू म्हणशील मी गेले नसेन. गेले. तिथल्या मौलवींनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या डोळ्यांचंही विचारलं. हसले नाहीत. म्हणाले, त्यांना दिसला तो आम्हाला दिसायला हवा होता. ईद गुरुवारी ठरली.

गुरुवारी मी पहाटे उठून तयारीला लागले, तर ती खुर्चीतच. मला म्हणाली, भांडी खाली ठेव. दादा, ही तीच बाई आहे, जिने बाबांना यायला पाव तास उशीर झाला तेव्हा देवाची वेळ टळते म्हणून त्यांच्यावाचून आरती उरकली होती. सबंध दिवस दारातला दिवा लावला नाही. गल्लीत सगळीकडे सण, आणि आपलं घर तेवढं अंधारात. तू शुक्रवारी आलास तेव्हा दिवा जळत होता, नैवेद्य ताजा होता, आणि तुला वाटलं आमचा सण काल झाला, तुझ्यासाठी शिळंपाकं गरम केलं. त्या ताटाला बोट लावून बघायचं तुला सुचलं नाही. कानांबरोबर बाकीचंही जातं वाटतं. ती समोर बसून तुझं तोंड इतका वेळ का बघत होती, तेही तू विचारलं नाहीस. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली का, एवढंच विचारलंस.

गुरुवारी संध्याकाळी समोरच्या बाई आल्या. गल्लीत कुणाकडे किती दिवे लागले याची खबर त्यांच्याकडे असते. दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं की आज सण, आणि तुमच्याकडे अंधार कसा. मी काही तरी जुळवायला तोंड उघडलं होतं. आईने काळा चष्मा नीट बसवला आणि सांगितलं,

"आमच्याकडे अजून चंद्र दिसला नाही. उद्या दिसेल."

पुढच्या वर्षीची ईद कोणत्या दिवशी येते ते हाजीला विचारून कळव. आई विचारते आहे. त्याला आमचा नमस्कार, आणि तुझ्यावर आहे तेवढा लोभ त्याच्यावरही आहे हे त्याला सांग. तुझ्यावर किती आहे ते मी लिहिणार नाही.

धाकटी