आये, 'केलं असतं' म्हणायला काय झालं होतं?

प्रिय आये,

पिलार तुझ्या खोलीत दुपारची झोपली आहे, म्हणून वही घेऊन पडवीत बसले. तुला पत्र लिहायचा माझा काही विचार नव्हता. पण मला तुझ्यावर चिडायचंय, आणि ते ऐकायला घरात दुसरं कोणी नाही.

हो, पिलार! तुझी विहीण, आपल्या सुनीलची सासू. परवा स्पेनहून देवबागला पोचली, एकटी, गुडघ्याला पट्टा बांधून. तू जाऊन तीन महिने होत आले, हे तिला माहीत आहे. तरी आली. का, तर तू तिला जेवायला बोलावलं होतंस!

गणपती झाल्यावर तू विहिणीशी बोलायचा हट्ट धरलास, "माका विहिणीवांगडा बोलाक शिकव गो." पुण्यात पोरांना स्पॅनिश शिकवून आलेली मी. म्हटलं, आईला शिकवायला कितीसा वेळ! तुला एकच वाक्य हवं होतं: तू इथे असतीस तर मी तुला खापरोळ्या केल्या असत्या.

'आसेर' म्हणजे करणं. 'केलं असतं' म्हणजे नियमाने 'आसेरीया' व्हायला हवं, पण होत नाही. मधलं 'से' गळतं, 'आरीया' होतं. किती वेळा सांगितलं? तांदूळ निवडताना, मासे कापताना! आणि तू दर वेळी ठासून, "आसेरीया!"

"हे क्रियापद नियम पाळत नाही, आये!"

"मगे नियम शिकवलंस कित्याक?"

शेवटी एका संध्याकाळी मी ओरडलेच. "सोड, तुका जमूचा नाय." तू तशीच उठून विळी धुवायला गेलीस. दुसऱ्या दिवसापासून वही काढलीच नाहीस. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

आणि आता कळतंय, तू माझ्यामागे पिलारला व्हॉइस मेसेज पाठवत होतीस! त्यात जिकडेतिकडे 'आरे'. 'आरे' म्हणजे करीन. आपल्या 'अरे'सारखं, सोपं. फेब्रुवारीत ये, खापरोळ्या करीन. शिंपल्यांचं, आपल्या तिसऱ्यांचं, सुकं करीन. घावणे करीन. तिने तिकीट काढलं. आणि तू डिसेंबरात एका दुपारी जेवून आडवी झालीस, ती उठलीच नाहीस.

खापरोळ्या तू मला कधी शिकवल्यास गं? "अंदाजान घालूचा" याला कृती म्हणतात? काल पहिल्या खेपेला तव्याला चिकटल्या, दुसऱ्या खेपेला नारळाच्या रसात विरघळल्या. पिलार वाटी घेऊन समोर बसलेली. वैतागून मी तिला सांगून टाकलं: आईला 'केलं असतं' म्हणायचं होतं. तिला ते रूप येत नव्हतं, म्हणून ती 'करीन' म्हणाली. ते आमंत्रण नव्हतं, व्याकरणाची चूक होती.

पिलारने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही गं. तिला येत होतं."

तिने फोन काढून मला ऐकवलं. मागे कोंबड्यांचा कलकलाट, आणि तुझा आवाज. आधी स्वच्छ, "आरीया." एक अक्षर चुकलं नाही! मग तू हसलीस आणि म्हणालीस, "नो, नो. आरे."

केलं असतं नाही. करीन.

मग मला एकदा तरी म्हणून दाखवायचंस की! शेजारच्या खोलीत होते मी, आये. तू घोकत असशील, आणि मी आत शिरले की गप्प. इतका राग धरलास? की मी पुन्हा ओरडेन म्हणून भ्यायलीस? राग असेल तर चालेल. दुसरं असेल तर ते मला सोसवत नाही.

उद्या सकाळी तिसऱ्या आणते. पिलार महिनाभर राहणार म्हणते, तेवढ्यात खापरोळ्या जमतील. न जमून सांगते कुणाला!

आणि आता तिला मालवणी शिकायचंय, माझ्याकडून. सकाळपासून 'खंय'ला, म्हणजे 'कुठे'ला, 'काय' म्हणतेय. दहा वेळा सांगून झालं. पण शब्द देते आये, ओरडणार नाही. अकराव्यांदा सांगेन.

तुझी, अजून चिडलेली,
शैला