अठ्ठावीस लिटरची टाकी

२३ मार्च, रविवार. सकाळी ७.४०

टाकी फुल. मीटर शून्यावर. आजपासून गाडीचं रेकॉर्ड शास्त्रीय पद्धतीने.

टाकी अठ्ठावीस लिटरची. कंपनीच्या पुस्तकात लिटरला चोवीस. म्हणजे एका टाकीत सहाशे बहात्तर किलोमीटर. सोलापूर-पुणे-सोलापूर करून वर दीडशे उरतात. काल स्टाफरूममध्ये हे फळ्यावर मांडून दाखवलं. आमचे खेळाचे सर उदयसिंह म्हणाले, पुस्तकातले आकडे पुस्तकातच पळतात, रस्त्यावर पंधरा मिळाले तरी पेढे वाटा. मी वीस वर्षं विज्ञान शिकवतोय. ते वीस वर्षं शिट्टी वाजवतायत. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, सहाशेच्या आत पंपावर गेलो तर नाव सिद्धराम सांगणार नाही.

संकल्प: एसी बंद. विनाकारण ब्रेक नाही. चिडायचं नाही.

२४ मार्च, सोमवार

घर ते शाळा सहा किलोमीटर. विनाकारण ब्रेक एकदाही नाही. सकारण बावीस वेळा.

सात रस्ता चौकात एक रिक्षा मधे आली. तिला मागे टाकायला गाडी जरा दाबावी लागली. पुढे सिग्नल. रिक्षा शेजारी येऊन उभी. असं तीन सिग्नलला झालं. शेवटी मीच जिंकलो.

चिडलो नाही. फक्त हॉर्न वाजवला.

२७ मार्च, गुरुवार

ऊन एक्केचाळीस. एसी बंदच. पूनमला क्लासला सोडलं. अकरावीची मुलगी, पण निश्चय शून्य. म्हणाली, पप्पा, चालत गेले असते तर कमी भिजले असते.

वजनाचा विचार केला. स्टेपनी काढून गॅलरीत ठेवली. जॅक, पाना, बायकोची, म्हणजे सोनालीची पाण्याची बाटली, सगळं बाहेर. सोनालीने विचारलं, पंक्चर झाल्यावर काय करायचं? टायर नवीन आहेत. बायकांना संभाव्यता हा विषय कळत नाही.

२९ मार्च, शनिवार

उदयसिंहांनी लिफ्ट मागितली. मी फक्त वजन विचारलं. ते रिक्षाने गेले.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.१५

पंपावर गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, ओळखीचं कुणी येत नाही तिथे. काटा तळाला होता म्हणून नाही, महिन्याच्या सुरुवातीला भरलेलं बरं म्हणून.

मीटर तीनशे ऐंशी. पेट्रोल बसलं २६.४ लिटर. भागाकार चौदा पॉइंट चार.

पुन्हा केला. तोच.

रात्रीचं जेवण गेलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

चूक सापडली. भागाकार बरोबर होता, लिटर चुकीचे होते. सिग्नलला उभं असताना गाडी पुढे जात नाही. मग ते पेट्रोल ॲव्हरेजमध्ये धरणं हा अन्याय आहे. ते वजा. रिक्षांमुळे वाया गेलं ते वजा. तुळजापूरला जाताना सोनालीने दहा मिनिटं एसी लावला होता, ते वजा. एकूण नऊ पॉइंट चार लिटर गेले. उरले सतरा. दुरुस्त ॲव्हरेज २२.४.

म्हणजे नवी टाकी किमान सहाशे सत्तावीस जाणार.

सोनालीला वही दाखवली. तिने विचारलं, मग ते नऊ लिटर गेलं कुठं? तिच्याकडे डिसेंबरपासून लायसन्स आहे, पण गाडी मी देत नाही. नवशिक्या पायाने क्लच जळतो. आज पुन्हा मागितली. पुन्हा नाही म्हणालो.

९ एप्रिल, बुधवार

सोनालीच्या माहेराहून फोन. सांगोल्याच्या पुढे बारा किलोमीटरवर त्यांची वस्ती. मेंढरं, शेरडं आणि ज्वारी. सासूबाईंच्या, म्हणजे अंबुबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षांपासून माणूस आवाजावरून ओळखतात. गेल्या वर्षी ऑपरेशनला आणलं, तर डोळ्यात औषधाचे थेंब पडताच उठल्या आणि स्टँडवर जाऊन एसटीत बसल्या. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढू देत नव्हत्या.

काल दोन दिवसांचं कोकरू त्यांच्या पायाखाली आलं. पाय मोडला त्याचा. दोन दिवसांचं, दिसलंच नाही. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी स्वतःच म्हणाल्या, "न्या मला. काय करायचं ते करा."

डोळ्यांचे मोठे डॉक्टर सोलापुरात फक्त मंगळवारी येतात. पुढे दीड महिना परदेशात. १५ तारीख ठरली, सकाळी साडेअकरा. सोनाली म्हणाली, आईचं मन बदलायच्या आत पोचवायचं. भाड्याची गाडी सांगू का? मी म्हटलं, घरात गाडी असताना?

शिवाय जाऊन-येऊन एकशे नव्वद किलोमीटर. हायवे. आकडा सुधारणार.

१४ एप्रिल, सोमवार. मुक्काम सासुरवाडी

निघताना मीटर दोनशे बावन्न. पोचताना तीनशे सत्तेचाळीस. गाडी ताशी शंभरवर सुरेख चालते.

सांगोल्यात पेट्रोलचा लाल दिवा लागला. सोनालीने दोनदा दाखवला. हे दिवे कंपन्या भित्र्या लोकांसाठी लावतात. हिशोबाने टाकीत साडेबारा लिटर आहे. पंप मागे गेला तरी ती वळून बघत होती.

मेव्हणा गुंडा अंगणात गाडीभोवती फिरला. दिवा बघून म्हणाला, "दाजी, मोटरसायकलीतलं दोन लिटर काडून देऊ का? हितनं मंगळवेढ्यापतुर लई लांब हाय." मोह झाला नाही असं नाही. पण चाचणीत बाहेरचं पेट्रोल मिसळलं की आकडा बिघडतो. नको म्हणालो.

सासूबाई चुलीपाशी बसून होत्या. सारखं विचारत होत्या, डोळ्यात सुई घालत्यात व्हय? मी त्यांना भिंगाचं तत्त्व समजावलं. अर्धा तास. त्या जास्तच घाबरल्या, असं सोनाली म्हणते.

१५ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

साडेआठला निघालो. मी आणि पुढच्या सीटवर सोनाली, मागे सासूबाई. त्यांनी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली होती. मंगळवेढ्यात पंप दिसला. सोनाली म्हणाली, घ्या की आत. मी वेग वाढवला. तिने हाताची घडी घातली. हे चिन्ह चांगलं नव्हतं.

भीमेचा पूल ओलांडला. कामती अजून यायची होती. गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. उतारावर थोडी घरंगळत गेली. नऊ पंचावन्न. मीटर चारशे बारा.

हिशोबाने टाकीत साडेनऊ लिटर हवं होतं. गळती असणार म्हणून खाली वाकून पाहिलं. रस्ता कोरडा. बॉनेट उघडलं. सोनाली म्हणाली, "तिथं काय बघताय? इंजिनाला काय झालं नाही. ते उपाशी आहे."

झाड नाही. ऊन असं, की गाडीला हात लावला तर चटका बसावा. सासूबाईंनी आतून विचारलं, आलं का सोलापूर? सोनालीने सांगितलं, पेट्रोल संपलं. मग म्हणाल्या, "सोनाले, देवाच्याच मनात न्हाय बघ. चल माघारी." दार चाचपून उतरल्या आणि उलट्या दिशेने चालायला लागल्या. सोनाली धावली. मी हात करून गाड्या थांबवत होतो. तीन मोटारी थांबल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघून हॉर्न वाजवून गेल्या.

शेवटी एक टेम्पो थांबला. मागे शेरडं भरलेली. ड्रायव्हर संगप्पा, अक्कलकोटकडचा, बाजाराला चाललेला. पुढे दोन माणसं बसतील म्हणाला. सासूबाई ऐकेनात. सोनाली त्यांचा दंड धरून रडकुंडीला आलेली. तेवढ्यात मागून एक शेळी ओरडली.

सासूबाई थांबल्या. मान वाकडी करून ऐकलं.

"कोन रं तू? ती मागल्या कोपऱ्यातली शेरडी. दिस भरल्यात की तिचं. बाजारात कशापायी न्हेतूस?"

संगप्पा चकित. मागे जाऊन बघून आला. म्हणाला, "खरं आहे हो अव्वा. मला कळलंच नाही. कालच घेतली."

"डोळं असून कळलं न्हाय तुला?" असं म्हणत त्या टेम्पोत चढल्या. भांडायला. सोनाली शेजारी बसली. टेम्पो हलला तेव्हा सासूबाईंचा आवाज चालूच होता.

सोनालीने वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या बावीस वर्षांत तिने तसं पाहिलं नव्हतं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी आणि गाडी. चार किलोमीटर चालत पंप. तिथला माणूस म्हणाला, बाटलीत पेट्रोल देत नाही, नियम आहे, गाडी घेऊन या. त्याला समजावलं की गाडी आणता आली असती तर मी चालत आलो नसतो. तो म्हणाला, नियम आहे. परतीच्या वाटेवर एका दूधवाल्याने मोटरसायकलमधून नळीने लिटरभर काढून दिलं. हसत होता. शिक्षक आहे हे त्याला सांगितलं नाही.

पावणेदोनला दवाखान्यात पोचलो. शर्टावर घामाच्या मिठाची नक्षी झालेली. ऑपरेशन होऊन गेलं होतं. सासूबाई डोळ्याला पट्टी लावून पलंगावर बसल्या होत्या आणि नर्सला सांगत होत्या की ती शेरडी खाटकाकडे जाता कामा नये, गुंडा पैसे घेऊन बाजारात पोचतोय. थेंब टाकले तेव्हा, सुई टोचली तेव्हा, भूल दिली तेव्हा, तोंडात विषय एकच. घाबरायचं राहूनच गेलं.

म्हणजे पेट्रोल संपलं म्हणून टेम्पो थांबला आणि टेम्पो थांबला म्हणून ऑपरेशन झालं. हे सोनालीला सांगणार होतो. तिने हात पुढे केला. मला वाटलं, रुमाल द्यायला. किल्ली हवी होती.

दिली.

१६ एप्रिल, बुधवार

स्टाफरूममध्ये तयारीने गेलो. टाकीतली हवा, पेट्रोलचं बाष्पीभवन, उन्हाचा परिणाम, सगळे मुद्दे कागदावर होते. उदयसिंहांनी फक्त विचारलं, सासूबाईंचा डोळा कसा आहे? बरा आहे म्हणालो. ते बरं झालं म्हणाले आणि मैदानावर गेले. पूनम त्यांच्याकडे खो-खोला जाते, तिने सांगितलेलं दिसतं. कागद तसाच खिशात राहिला.

१९ एप्रिल, शनिवार

सोनालीने गाडी फुल करून आणली. स्टेपनी, जॅक, पाना परत आत. पाण्याच्या बाटल्या दोन. रोज आईला ड्रेसिंगला नेते. एसी लावून. क्लचचा वास येतो का म्हणून खाली जाऊन हुंगून आलो. वॉचमनने विचारलं, काय हरवलंय?

महिनाअखेर आकडा बघू. दहाच्या वर गेला तर माझी वही तिला भेट.

३० एप्रिल, बुधवार

सोनालीने पंपाची पावती फ्रिजवर लावली होती. तीनशे पंचावन्न किलोमीटर. सतरा लिटर. वीस पॉइंट नऊ.

ती बाहेर गेल्यावर भागाकार केला. मग माझी दुरुस्ती लावून बघितली. सिग्नलचं वजा, एसीचं वजा. आकडा आणखी वाढतो.

पंपाचं मशीन सदोष असणार. किंवा माझ्या पायाने इंजिन मोकळं झालं आणि त्याचं फळ तिला मिळालं. पूनमला विचारलं, आई गाडी कशी चालवते? म्हणाली, काहीच करत नाही. नुसती चालवते.

४ मे, रविवार. सासुरवाडीहून परत येऊन

सासूबाईंना घरी सोडायला गेलो. सोनाली चालवत होती, सासूबाई तिच्या शेजारी. पूनम आणि मी मागे. मी फक्त निरीक्षणासाठी. वेग सत्तरच्या आसपास. पुढे ट्रक आला की मागे राहते. तो वळला की जाते. एका ट्रकच्या मागे सलग अकरा किलोमीटर. माझा उजवा पाय दुखायला लागला.

सासूबाई गुंडाच्या फोनमुळे खुशीत होत्या. शेरडीला दोन करडं झाली होती, एक काळं, एक पांढऱ्या कपाळाचं. ती बघायची घाई. रस्त्यात दिसेल ते मोठ्याने सांगत होत्या. पाटी. कुत्रं. पिवळं लुगडं नेसलेली बाई.

मंगळवेढ्याच्या अलीकडे मी सोनालीला गिअरबद्दल एक सूचना केली. साधी सूचना. सासूबाई माझ्या आवाजाने वळल्या. पट्टी निघाल्यापासून मी शाळेच्या परीक्षांच्या गडबडीत, आणि त्या असायच्या आतल्या खोलीत. समोरासमोर असे बसलोच नव्हतो. उजेडात चांगलं निरखून बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"ह्ये पावणं व्हय?" सोनालीला म्हणाल्या. "आगं बया. चार वर्सं नुस्ता आवाज ऐकून मला लई दांडगं वाटाय लागलं हुतं की गं."

पूनमने ओढणीत तोंड घातलं. सोनालीने थोडा वेळ दम धरला, मग तिलाही आवरेना. गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. सासूबाई विचारत होत्या, काय झालं? म्या काय वंगाळ बोलले?

पाच मिनिटं तरी गेली असतील. इंजिन चालूच होतं. ते पेट्रोल मी वजा धरलं नाही.